पन्नास मीटर दोरा

४ जानेवारी १९९९, सोमवार

उडत्या विमानाचा बारावीच्या टक्क्यांशी काय संबंध, हे मला माहीत नाही. संस्थाचालक शेषेराव सरांनी मुलाखतीत हाच प्रश्न विचारला आणि मी तेच उत्तर दिलं, की सर, मला सांगता येणार नाही. ते मोठ्यानं हसले. लातुरात शिकवायला येऊन 'माहीत नाही' म्हणणारी पहिली मास्तरीण तुम्हीच, म्हणाले, आणि नोकरी दिली.

आज रुजू झाले. लातूरच्या स्टँडवर संस्थेची मिनीबस घ्यायला आली होती. ड्रायव्हर माणिकप्पा निलंग्याकडचे, मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात. माझ्याजवळ कपड्यांची एक पिशवी आणि एक लांबलचक खोकं. खोक्यात काय आहे, त्यांनी विचारलं. विमानं, मी म्हणाले. त्यांनी खोकं शेजारच्या सीटवर ठेवून घेतलं आणि औशाच्या रस्त्याचे सगळे खड्डे चुकवत आणलं.

संस्था शहरापासून चाळीस मिनिटांवर, माळावर एकटी. बैठी इमारत, भोवती काटेरी तार, दारापासून फाटकापर्यंत शंभर पावलांची फरशी. बारावीच्या बेचाळीस मुली मधल्या मोठ्या हॉलमध्ये राहतात, वर्ग बाजूच्या खोल्यांत. पहाटे पाचला उठायचं, रात्री दहापर्यंत अभ्यास, फाटकाला कुलूप. संध्याकाळी पाच ते सहा हा एकच तास मैदानात मोकळा. तो मी सरांकडून मागून घेतला आहे. बारावीच्या वर्षात पोरींनी दिवसातून एक तास तरी मान वर करावी, एवढंच मला वाटतं.

मला एक खोली दिली होती, पण मी खाट गच्चीवर नेली. स्वयंपाक करणाऱ्या केवळाबाईंनी का म्हणून विचारलं नाही, खाटेचं दुसरं टोक धरलं. त्र्याण्णवच्या भूकंपात जळकोटचं आमचं घर नुसतं हललं, पडलं नाही. तरी सहा महिने आम्ही अंगणात झोपलो, आणि तेव्हापासून डोक्यावर छप्पर असलं की मला झोप येत नाही. केवळाबाईंचं तर गावच पडलं. संस्थेचं मैदान त्याच जुन्या गावाच्या दगडमातीच्या भरावावर केलेलं आहे. नवं गाव दोन किलोमीटरवर आहे. तिथंही पक्क्या घरांच्या अंगणात खाटा दिसतात म्हणे.

ही वही दादांनी, माझ्या वडिलांनी, दिली. शिलाई मशीनवरून न उठताच म्हणाले, आपल्या घरातली पहिली पदवी आहे, समदं लिहून ठेव. आज गच्चीवरून चांदण्या दिसताहेत. मी फार आनंदात आहे.

१० जानेवारी, रविवार

पहिलं विमान उडालं.

माझी विमानं बिनइंजिनाची. बांबूच्या कामट्या, थोडं पिसासारखं हलकं बालसा लाकूड, वरून दादांच्या दुकानातल्या अस्तराच्या चिंध्या, साबुदाण्याच्या खळीनं ताणून बसवलेल्या. पोटाखाली तारेचा एक उघडा आकडा. पन्नास मीटर दोऱ्याच्या टोकाला कडी असते, ती त्या आकड्यात अडकवायची. एकीनं विमान धरायचं, दुसरीनं दोरा घेऊन वाऱ्याविरुद्ध पळायचं. विमान पतंगासारखं चढतं. अगदी डोक्यावर आलं की दोरा किंचित सैल करायचा. कडी आकड्यातून आपोआप निसटते, दोरा खाली येतो आणि विमान मोकळं होतं. मग ते हवेवर तरंगत, गिरक्या घेत, मिनिटभरानं उतरतं.

मुली आधी लाजत होत्या. मुरुडची वैष्णवी मात्र चपला काढून पळाली. तिचा हात हलका आहे. दोरा कधी सोडायचा हे तिला न सांगता कळतं.

नांदेडला कॉलेजात आमच्या सरांनी शिकवलेली युक्ती मी मुलींना सांगितली. जिथं घारी पंख न हलवता घिरट्या घालतात तिथं तापलेली हवा खांबासारखी वर चढत असते. विमान त्या खांबात सोडलं की मिनिटाची पाच मिनिटं होतात. म्हणून आधी घार शोधायची आणि बरोबर तिच्याखाली दोरा सोडायचा. इथं घारी शोधाव्या लागत नाहीत. मैदानावर कायम दहा-बारा असतात.

१७ जानेवारी, रविवार

सोमवारी घारीनं विमान पाडलं. डाव्या पंखाला चार भोकं, सुईनं पाडल्यासारखी.

वाईट वाटण्याऐवजी मला गंमत वाटली. हा घारींचा घरटी बांधायचा हंगाम. आपल्या हद्दीत काहीतरी उडतंय म्हटल्यावर त्या चिडणारच. मुलींना मी पंखाचं गणित घातलं. सातशे ग्रॅमची घार फार तर दोनशे ग्रॅम वजन उचलून नेईल, तर आपलं सव्वाशे ग्रॅमचं विमान ती नेऊ शकते का? वैष्णवीनं माझं वजन विचारलं. चव्वेचाळीस किलो. ती वहीत आकडेमोड करून म्हणाली, मग मॅडमला न्यायला दोनशे वीस घारी लागतील, काळजी नाही, इथं बाराच आहेत. सगळ्या मुली हसल्या. मीही.

उपाय करून पाहिले. पंखांवर मोठे डोळे रंगवले, तीन दिवस चाललं. मग दोघी-तिघींना ताटं वाजवायला उभं केलं. शेषेराव सर म्हणाले, सुतळी बाँब लावू, नाहीतर गलोलीवाला आणू. ते ऐकून केवळाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. सर गेल्यावर मला म्हणाल्या:

"आमच्यात घारीला दगड मारत न्हाईत, बाय. त्या येळी आठ दिस ढिगाऱ्यावर ह्याच होत्या. समदी माणसं काय सापडली न्हाईत. आता कुणाला दगड मारावा?"

त्यांच्या नव्या गावात जेवायला बसण्याआधी पहिला तुकडा छपरावर फेकतात. वरचा घास म्हणतात त्याला. इथं इमारत झाली तेव्हापासून केवळाबाई रोज संस्थेच्या गच्चीवरही घास टाकायच्या. दिवाळीनंतर सरांनी तो बंद केला. घाण होते, पालक बघतात, म्हणाले. मला सरांचं पटलं, हे इथं खरं लिहिते.

२४ जानेवारी, रविवार

मला एक कल्पना सुचली आहे. घारी परक्या आकारावर तुटून पडतात. मग विमानच घारीसारखं केलं तर? तसेच रुंद पंख, तशीच मधून खाच असलेली शेपटी, तसाच तपकिरी रंग. त्यांना ते आपल्यातलंच वाटेल.

चार दिवस मी आणि वैष्णवी सांगाडा करत होतो. तपकिरी कापड मात्र दादांच्या चिंध्यांत निघेना. केवळाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. आज त्यांनी घरून एक जुना रेशमी परकर आणला. चॉकलेटी, काठाला उसवलेला, धुऊनही न गेलेला मातीचा एक डाग. अर्धा त्यांनी स्वतःच फाडून दिला, उरलेला घडी घालून कमरेला खोचला. कुणाचा, मी विचारलं. पडून होता, म्हणाल्या.

कापड हलकं आहे आणि खळीवर सुंदर ताणलं गेलं.

२६ जानेवारी, मंगळवार

नीट, क्रमानं लिहिते.

झेंडावंदन झालं. सरांनी पाहुण्यांसमोर विमान उडवायला सांगितलं. केवळाबाईंनी ते हातात धरलं, वैष्णवी पळाली. विमान चढलं, आजवर कधी चढलं नव्हतं इतकं सरळ. वीसेक घारी होत्या. एकीनंही झडप घातली नाही. त्या बाजूला सरकल्या आणि विमानाला मधे घेतलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी वैष्णवीला दोरा सैल करायला सांगितलं. तिनं केला. दोरा सैल झाला नाही.

ती दोन पावलं पुढं गेली, तरी ताणलेलाच. मी रीळ माझ्या हातात घेतलं. वारा पडला होता, झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. पडलेल्या वाऱ्यात विमान दोरा ओढत नाही. आणि तरी रीळ माझ्या हातात फिरत होतं. तळव्याला चटका बसला. दोरा संपला तेव्हा एक झटका आला, आणि रीळ माझ्या हातून सुटून वर गेलं.

पाहुण्यांना हा खेळाचाच भाग वाटला. केवळाबाई कपाळावर हात धरून वर बघत होत्या. रडत नव्हत्या. एसटीत बसलेल्या आपल्या माणसाकडं बघावं, तशा बघत होत्या.

२ फेब्रुवारी, मंगळवार

विमान अजून खाली आलेलं नाही.

आठ दिवस झाले. मी दुर्बिणीतून पाहिलं. पंख न हलवणारी एक घार आहे, बाकीच्या तिच्याभोवती फिरतात. अंधार पडताना घारी झाडांवर उतरतात. ती उतरत नाही. सकाळी बघावं तर तिथंच.

बांबू, रेशीम आणि खळ. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. मला याचं कारण देता येत नाही.

घारी आता साठ-सत्तर झाल्या आहेत. गुरुवारपासून त्या मुलींवर येऊ लागल्या. आधी रिबिनी नेल्या, मग वाळत घातलेल्या ओढण्या. काल वैष्णवीच्या डोक्याला चार ओरखडे पडले, मी टिंक्चर लावलं. केवळाबाई मात्र उघड्या डोक्यानं ये-जा करतात. त्यांना एकही शिवत नाही.

मी त्यांना पुन्हा परकराचं विचारलं. त्यांची मुलगी पुनम नववीत होती. भूकंपाच्या पहाटे घरात झोपली होती. परकर सापडला. ती सापडली नाही. वरचा घास बंद झाल्यावर पाखरं खवळली, तिचं काहीतरी तिच्याकडं पोचवलं तर निवतील, असं त्यांना वाटलं. आज त्यांनी सरांना न सांगता गच्चीवर भाकरी फेकली. घारींनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

मैदान बंद. माझा तास गेला.

सरांनी फरशीवर जाळी टाकायचं ठरवलं. मजुरांनी दोन दिवसांत लोखंडी खांब रोवले, जाळी बांधण्याआधीच घारींनी त्यांना पळवून लावलं. आता खांबांमुळं मिनीबस आत येत नाही, आणि जाळीही नाही. सर काल डोक्याला रुमाल दाबून जीपमध्ये बसले आणि लातूरला गेले. तिथून फोन करतात. वनखात्याला सांगितलंय, घरटी संपली की बघू म्हणाले. मुलींना तशीही आता अभ्यासाचीच रजा आहे. पालकांना काही कळवायचं नाही, जूनचे प्रवेश तोंडावर आहेत. पालकांच्या पत्त्यांचं रजिस्टर ते बरोबर घेऊन गेलेत.

मी म्हणाले, सर, मुली आत अडकल्या आहेत. ते म्हणाले:

"मॅडम, विमानाचा आणि टक्क्यांचा संबंध आता लागला का?"

मी फोन ठेवला.

मी आता गच्चीवर झोपत नाही. घारी झोपू देत नाहीत. मी वर गेले की माझ्या तोंडासमोरून, हातभर अंतरावरून जातात. पंखांचा वारा लागतो. नख लावत नाहीत. दारापर्यंत आणून सोडतात.

हॉलमध्ये मुलींच्या मधे सतरंजी टाकली आहे. वर स्लॅब. डोळा लागत नाही.

१५ फेब्रुवारी, सोमवार

घारी आता गच्चीवर बसतात. दिवसभर, आणि आता रात्रीही, एकमेकींना चिकटून. सगळ्या हॉलच्याच वर. बाकी गच्ची मोकळी.

मुलींना घाबरू द्यायचं नाही म्हणून मी गणित घातलं. सातशे ग्रॅमच्या तीनशे घारी म्हणजे दोनशे दहा किलो. म्हणजे गच्चीवर तीन-चार माणसं उभी राहिल्याइतकंच. त्यानं स्लॅबला काही होत नाही. वैष्णवीनं आकडेमोड बरोबर केली. मग वर बोट दाखवलं. पंख्याच्या हुकापासून भिंतीपर्यंत एक बारीक रेघ गेलेली. काल नव्हती, म्हणाली.

मी एक कामटी घेतली. फरशीपासून स्लॅबपर्यंत बरोबर बसेल अशी तासली. हुकाखाली उभी केली. घट्ट बसली.

१६ फेब्रुवारी

कामटी आज उभी बसेना. तिरपी करावी लागली.

बोटभर कापली. बसली.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

चार दिवसांत तीन वेळा कापली.

सरांना फोन केला. नवीन बांधकाम आहे, प्लास्टर वाळतं, रेघा पडतात, म्हणाले. मुलींना दुसऱ्या खोल्यांत हलवलं तर घारी त्या खोल्यांच्या वर जाऊन बसतात. दोनदा करून पाहिलं. सगळ्या जणी मिळून, फडफडाट न करता, चालत गेल्या. खालून नखांचा आवाज ऐकला.

आज गाद्या डोक्यावर धरून फाटकापर्यंत जायचं ठरलं. दहा मुली आणि मी. वीस पावलं गेलो. एक गादी वर गेली. मग दुसरी. मुलींना त्यांनी दारापर्यंत मागं आणलं. रक्त कुणाला आलं नाही. कुत्र्यानं मेंढरं वळवावीत तसं.

केवळाबाई दूध घेऊन आल्या, निवांत, त्यांच्यामधून. मी त्यांच्यावर ओरडले. तुमच्या कापडानं हे केलं, म्हणाले. त्यांनी दुधाचं पातेलं खाली ठेवलं.

"मारत न्हाईत, बाय, त्या. सांजच्याला कोंबड्या डालतेत ना पाटीखाली, तशा पोरी डालून राहिल्यात." मग वर, त्या रेघेकडं पाहून हळू म्हणाल्या, "आमच्याबी त्या येळी समद्या आतच होत्या."

तेव्हापासून मला एकच दिसतं आहे. छपराखाली होते ते गेले. अंगणात होते ते वाचले. आणि या आम्हाला अंगणात येऊ देत नाहीत.

२२ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. हादरा. लहान. चार-पाच सेकंद. ताटं वाजली.

हादरा येण्याआधीच पाखरं उडतात. जळकोटला आम्ही पाहिलं आहे, झाडं रिकामी होतात. मुली किंचाळल्या. मी खिडकीकडं धावले.

एकही उडाली नाही.

छपराच्या कडेला पसरलेले पंख दिसले, बसल्याच होत्या. स्लॅबवर दाबून. खाली चुन्यासारखं काहीतरी वैष्णवीच्या वहीवर पडलं, तिनं ते फुंकून टाकलं आणि पुढचं लिहायला लागली. परवा नाही तेरवा पेपर आहे.

२३ फेब्रुवारी

सरांचा फोन. पेपराच्या दिवशी मिनीबस येणार. फाटकापर्यंतच. पोरींना जीव वाचवायला गाडी मिळत नव्हती, पेपराला मिळाली. मी आभार मानले.

म्हणजे साडेआठ वाजता, शंभर पावलं, बेचाळीस मुली. परत इथं आणायचं नाही. माणिकप्पांना केवळाबाईंच्या हाती चिठ्ठी दिली. पेपर झाला की मुलींना तिकडूनच एसटीनं आपापल्या गावी धाडा, माझ्या पगारातून. सरांना विचारू नका. माणिकप्पांचं उत्तर आलं. पोरी सगळ्या गाडीत आल्या की तीनदा हॉर्न मारतो, त्याआधी गाडी हलत नाही, म्हणाले.

राहिली शंभर पावलं —

२४ फेब्रुवारी, बुधवार

सव्वीसचं आठवते आहे. विमान वर गेलं तेव्हा सगळ्या त्याच्याकडं गेल्या. मैदानात तेव्हा मुली होत्या, पाहुणे होते, कुणाला काही झालं नाही. जोवर दोरा हातात होता तोवर.

केवळाबाईंना मी काही मागितलं नाही. त्यांनी कमरेची घडी काढून पुढं केली. उरलेला अर्धा परकर.

दिवसभर सांगाडा केला. वैष्णवीनं खळ लावली. मॅडम, हे कुणासाठी, असं तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, दोरा मी धरते, माझा हात हलका आहे. मी म्हणाले, तुझा पेपर आहे.

कामटी मोजली नाही. दिसतंच आहे. दार घासतं.

२५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी ७.५०

मुली दाराशी. हॉल तिकीट, दोन पेनं, पट्टी. केवळाबाई पुढं राहतील, त्यांना घारी शिवत नाहीत. वैष्णवी सगळ्यात मागं, मोजायला. मुलींना सांगितलं, मी गच्चीवरून विमान उडवणार, घारी वर बघतील, तुम्ही वर बघायचं नाही. मान खाली, पळायचं. महिनाभर मान वर करा म्हणून शिकवलं आणि आज —

केवळाबाईंनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, माझी पुनम लई ओढाळ हाय. दोरा सोडू नको.

८.१०

गच्चीवर आहे. दाराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली मैदानात फेकली. वैष्णवी वर येईल अशी भीती होती. आलीच. आतून दार वाजवत होती. आता खाली गेली.

घारी सरकल्या. मला वाट दिली. खाटेपर्यंत. त्यांच्यामधून चालले, पायाला पिसं लागली. माझ्याकडं कुणी बघत नाही. विमानाकडं बघताहेत.

पंधरवड्यानं आज उघड्या आभाळाखाली आहे. बरं वाटतंय. हे लिहायला नको होतं, पण वाटतंय.

८.३१

माणिकप्पा आले. फाटक उघडलं.

विमान सोडलं. पळावं लागलं नाही. हातातूनच घेतलं. सगळ्या उठल्या — सगळ्या — ऊन गेलं. खांबासारख्या, माझ्या बरोबर वर. वर ती जुनी, पंख न हलवणारी, खाली खाली येते आहे, हिच्याकडं. फरशी मोकळी. एकही नाही फरशीवर.

दोरा डाव्या मनगटाला आहे. उजव्यानं लिहिते. पाय खाटेच्या पायाभोवती अडकवला आहे.

पळताहेत. केवळाबाई पुढं. लाल रिबीन, पांढरी, — मोजता येत नाही, पापण्या मिटतात वाऱ्यानं —

एक घार खाली वळली. मी दोरा ओढला. परत वर गेली. म्हणजे दोरा आहे तोवर.

खाट सरकली.

एक हॉर्न.

गच्चीला मधोमध भेग, हात जाईल एवढी. खाली हॉल दिसतो. सतरंज्या. रिकामा. रिकामा आहे —

दोन.

वैष्णवी फाटकात उभी. वर बघते आहे. सांगितलं होतं बघू नको. कुणीतरी तिला आत ओढलं.

तीन.

गेली गाडी. अकराला पेपर. पोचतील.

आता दोरा सैल करायचा, कडी निसटते, विमान मोकळं होतं, सगळं सोपं आहे. पण गाडी अजून माळावर दिसते. औशाच्या रस्त्याला लागेपर्यंत यांना इथंच धरायला हवं. आणि भीती वाटली की हात आपोआप सैल होतो, हे मला माझं माहीत आहे. म्हणून रात्रीच केलं. पक्कड घेऊन विमानाच्या पोटाखालचा आकडा मिटवून टाकला. कडी निसटायला जागा नाही. मनगटाला सात गाठी आहेत, एका हातानं सुटणार नाहीत.

वर किती आहेत, मोजत नाही. दोनशे वीस पुरतात.

खाट उलटली. वही धरली आहे. दादा, टाचा उचलल्या —